हक्काचा मामा

वऱ्हाडी माणसाचं आणि राजधानीचं कधी नीट जमलंच नाही. यात वऱ्हाडी माणसाचा दोष नाही. तो आहे तिथंच आहे. राजधानीच एका जागी बसत नाही. इमादशाहीच्या काळात, म्हणजे १४९० ते १५७४ या वर्षांत, ती आमच्या अचलपूरला होती. आजच्या हिशेबानं सकाळच्या एसटीनं अमरावतीहून निघावं, राजदरबारातलं काम उरकावं आणि संध्याकाळी घरी जेवायला यावं, इतकी जवळ. पुढे निजामाचा अंमल आला आणि राजधानी हैदराबादला गेली. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला, १९०३ मध्ये इंग्रजांनी तो मध्य प्रांताला जोडला आणि आमचे कागद नागपूरला जाऊ लागले. गंमत म्हणजे नावापुरती मालकी निजामाचीच राहिली. म्हणजे सातबाऱ्यावर नाव हैदराबादचं, वहिवाट नागपूरची आणि पीक जायचं लंडनला! १९५६ मध्ये आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो, आणि राजधानी पावणेसातशे किलोमीटरवर समुद्राकाठी जाऊन बसली. पुढे समुद्र होता म्हणून थांबली, एवढंच.

त्यामुळे आमच्याकडचा माणूस मुंबईला हौसेनं जात नाही. तो तीन कारणांनी जातो. घरात कुणाला टाटा हॉस्पिटल सांगितलं म्हणून, मंत्रालयात फाईल अडली म्हणून, किंवा मुलाखतीचं बोलावणं आलं म्हणून. मी मात्र चौथ्याच कारणानं गेलो. मी मानवी हक्कांसाठी गेलो.

हे वाक्य वाचून आमच्या बँकेतले सहकारी हसतील. म्हणून आधीच सांगतो, हक्क माझे नव्हते. माझ्या वाट्याला फक्त बॅग होती.

झालं असं, की माझी भाची अमरावतीला वकिलीच्या चौथ्या वर्षाला आहे. पाच वर्षांच्या या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे इंटर्नशिप करावी लागते, असा बार कौन्सिलचा नियम आहे. आमच्या काळी याला उमेदवारी म्हणत आणि उमेदवार साहेबांचा चहा आणत असे. भाचीच्या मैत्रिणी मोठमोठ्या वकिलांकडे गेल्या. ही गेली मानवी हक्कांचं काम करणाऱ्या अमरावतीतल्या एका संस्थेत. ताईचा मला अकोल्याला फोन आला, "अरे, तुह्या भाचीनं मानवी हक्क घेतला." जणू अकरावीला गणित सोडून भूगोल घेतला होता.

भाऊजींनी व्यवहाराचा प्रश्न विचारला. "पगार किती देतात?"

"काहीच नाही, बाबा."

"मग हक्क कोणाचा?"

याचं उत्तर जिनिव्हातही कुणाला देता आलं नसतं.

पहिल्याच महिन्यात भाचीच्या हाती एक प्रकरण आलं. दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली एक आजी. वय सत्तरीच्या पुढे, जवळचं कुणी नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १५०० रुपये, एवढाच तिचा आधार. एप्रिल २०२४ पासून ते बंद झाले. आजीनं चौकशी केली तेव्हा तिला कळलं, की ती वारली आहे.

कुणी मुद्दाम तिला मारलं, असं नाही. हयातीची पडताळणी करताना अंगठा यंत्रावर ठेवावा लागतो. आजीनं ठेवला. यंत्रानं ओळखला नाही. कसा ओळखावा? साठ वर्षं कापूस वेचून, निंदण करून आणि राखेनं भांडी घासून त्या अंगठ्यावर रेष म्हणून उरली नव्हती. त्यात दर्यापूर पडलं खारपाणपट्ट्यात. तिथलं विहिरीचं पाणीसुद्धा खारट, ते हाताला काय मऊ ठेवणार! मी बँकेतला माणूस. 'नि. डा. हा. अं.', म्हणजे 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा', ही अक्षरं मी नोकरीत हजारदा लिहिली आहेत. जुनं शाईचं पॅड बिचारं कुणालाच नाही म्हणत नसे. अंगठा सपाट असो, फाटका असो, ते निमूटपणे डाग उमटवी आणि आम्ही साक्षीदाराची सही घेऊन पैसे देत असू. यंत्राला साक्षीदार चालत नाही. ते फक्त रेषा मागतं. म्हणजे ज्यांनी जन्मभर हातानं काम केलं त्यांनाच ते ओळखत नाही, आणि माझ्यासारख्या पेन धरून बसलेल्याला पहिल्या फटक्यात ओळखतं.

पुढचं कागदोपत्री झालं. पहिल्या टेबलावर शेरा पडला, 'अंगठा जुळत नाही'. दुसऱ्या टेबलावर यादीचा रकाना अरुंद होता, तिथं तो आखडून 'आढळ नाही' झाला. तिसऱ्या टेबलावर कुणीतरी सुवाच्य अक्षरात 'मयत' लिहिलं. अशी ती आजी एकही दिवस आजारी न पडता तीन टेबलांवर वारली. ऑफिसचं नाव मी सांगत नाही. असे तीन टेबल कुठंही जोडून ठेवता येतात.

भाची तिला भेटायला गेली तेव्हा आजी ओट्यावर तूर निवडत बसली होती. म्हणाली, "माय वं, मी मेली असती त तेरवी नसती झाली काय? इचार बरं गावात, कोन जेवलं माह्या तेरवीले?"

कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात यापेक्षा सरळ पुरावा मला माहीत नाही. पण तेरवीचं जेवण न झाल्याचा दाखला देणारं कार्यालय अजून निघालेलं नाही. संस्थेनं ठरवलं, की तक्रार राज्य मानवी हक्क आयोगाकडे करायची. इथं एक अडचण होती. घटना घडल्यापासून वर्ष उलटलं की मग आयोग प्रकरण घेत नाही, असं १९९३ च्या कायद्यातच आहे. आठ महिने होऊन गेले होते. तक्रार टपालानंही करता येते. पण संस्थेच्या बाईंचा दगदगीच्या अनुभवातून आलेला विश्वास असा, की पोच हातात पडेपर्यंत कागद पोचत नाही. शिवाय त्याच आठवड्यात मुंबईत राज्यभरच्या अशा उमेदवारांची एक बैठक होती. तेव्हा भाचीनं जावं, तक्रार द्यावी, बैठकीला बसावं आणि परत यावं, असं ठरलं.

ताईनं लगेच दुसरं ठरवलं. "पोरगी एकटी जाणार नाही."

"आई, मी स्त्रियांच्या संचारस्वातंत्र्यावर अहवाल लिहिते आहे!"

"लिही ना. पण मामाले संगं घेऊन लिही."

लग्नात मुलीच्या मागे उभा राहणारा मामा मानवी हक्कांतही तिच्या मागेच उभा राहतो, असं दिसतं. मी दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली. रजेचं कारण 'मानवी हक्क' असं लिहिलं तर आमचे मॅनेजर ते युनियनचं काहीतरी समजतील, म्हणून 'घरगुती काम' लिहिलं.

कागदांची जबाबदारी मात्र मी स्वतःकडे घेतली. मी बी.कॉम. आहे, वकील नाही. पण फाईल लावणं हे वकिलांचं काम नव्हेच. अनुक्रमणिका केली, पानांना क्रमांक दिले, तीन संच केले, टॅग लावले. रेशनकार्ड, पासबुकाची झेरॉक्स, सरपंचांचा दाखला. मतदार यादीतलं पान तर मी मुद्दाम वर ठेवलं. कारण मयत झाल्यानंतर आजीनं दोनदा मतदान केलं होतं. २६ एप्रिल २०२४ ला लोकसभेचं आणि २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं. मेलेल्यांच्या नावानं मतदान झाल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. पण मेलेल्या बाईनं स्वतः दीड किलोमीटर चालत जाऊन, रांगेत उभं राहून, स्वतःचं मत दिल्याचा प्रकार विरळा. तिच्या नखावरची शाई अजून गेली नव्हती. मतदानाच्या शाईला तिचं बोट चाललं, तेवढं यंत्राला अंगठा चालला नाही.

भाचीनं आणखी एक फोटो काढला होता. आजीच्या हातात त्या दिवशीचा पेपर, तारीख दिसेल असा. फक्त आजीनं तो उलटा धरला होता. भाची म्हणाली, "मामा, दुसरा काढायला हवा." मी म्हटलं, "राहू दे. मेलेला माणूस कुठलीच गोष्ट उलटी धरत नाही."

डिसेंबर २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. ती अमरावतीला गाडीत बसली, मी अकोल्याला चढलो. सांगायची गोष्ट म्हणजे आम्ही राजधानीला निघालो त्याच आठवड्यात हिवाळी अधिवेशनासाठी राजधानी नागपूरला आली होती. भुसावळच्या अलीकडे-पलीकडे रात्री कुठंतरी आमची न् सरकारची चुकामूक झाली असावी. नशीब, की आयोग अधिवेशनाला जात नाही.

ताईनं पोरीच्या हाती दशम्या, ठेचा, सांभारवडी आणि संत्र्यांची पिशवी दिली होती. माझ्या बायकोनं मला तेच सगळं, शिवाय शेंगदाण्याची चटणी. शेगावला गाडी थांबली तेव्हा मी कचोरी घेतली. शेगावहून जाताना कचोरी न घेणं हे वऱ्हाडात गजानन महाराजांना पाठ दाखवल्यासारखं समजतात. एवढं अन्न पाहून समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांनी विचारलं, "बऱ्याच दिवसांसाठी चाललात?" मी म्हटलं, "नाही हो. परवा परत."

जेवणं झाल्यावर भाचीनं मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा काढला. संयुक्त राष्ट्रांनी तो १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसला मंजूर केला. त्यात तीस कलमं आहेत. पहिल्या कलमाच्या मसुद्यात इंग्रजीत सगळे 'पुरुष' समान असल्याची भाषा होती. ती बदलून 'सर्व माणसं' करून घेतली ती आपल्या हंसा मेहतांनी. हे ऐकून मला बरं वाटलं. मसुद्यातला एक शब्द वेळीच दुरुस्त केला की किती माणसं आत येतात, हे कारकुनाइतकं कुणाला कळणार? आणि एक शब्द चुकीचा पडला की एक आजी बाहेर जाते, हेही.

मी चोविसाव्या कलमाशी आलो आणि उठूनच बसलो. विश्रांतीचा आणि ठराविक काळानं पगारी सुट्टीचा हक्क! बँकेच्या सुट्ट्यांवरून लोक आयुष्यभर आम्हाला टोमणे मारतात. हे कलम मी मोठ्या अक्षरात छापून काउंटरच्या काचेवर लावणार आहे. भाची म्हणाली, "मामा, आजीची कलमं बघा ना." सहावं कलम सांगतं, की प्रत्येकाला कायद्यापुढे माणूस म्हणून ओळख मिळाली पाहिजे. पंचविसावं सांगतं, की म्हातारपणी जगण्याचं साधन हाती नसेल तेव्हा आधार मिळाला पाहिजे. मी चष्मा पुसून दोन्ही पुन्हा वाचली. पॅरिसला बसून दर्यापूर तालुक्यातलं एवढं नेमकं त्यांना कसं कळलं, कोण जाणे.

दिवे मालवल्यावर भाची वरच्या बर्थवरून म्हणाली, "मामा, या गाडीला आपल्याकडे अंबा एक्स्प्रेस म्हणतात. अंबादेवीच्या देवळात जायला मिळावं म्हणून १९२७ साली अमरावतीत अस्पृश्य ठरवलेल्या लोकांना लढावं लागलं. त्याच नोव्हेंबरात बाबासाहेब परिषदेला आले होते. पंजाबराव देशमुख पाठीशी होते." मला अंबादेवीचं देऊळ लहानपणापासून माहीत, नवरात्रातली गर्दीही माहीत. गर्दीत आपल्याला आत जाता येतं, यात काही विशेष आहे, असं कधी वाटलं नव्हतं. ज्याला दार उघडंच सापडतं त्याला दाराची आठवण राहत नाही. मी म्हटलं, "झोप आता. सकाळी लवकर उतरायचं आहे." पण झोप मला उशिरा आली.

सकाळी व्हीटीला उतरलो. भाची म्हणाली, "सीएसएमटी." मी म्हटलं, "तेच." आयोगाचं कार्यालय स्टेशनच्या समोरच, हजारीमल सोमाणी मार्गावर आहे. एवढ्या लांबून आलो ते झोपेत. समोरचा रस्ता ओलांडताना मात्र मला माझ्या सर्व मानवी हक्कांची एकदम आठवण झाली. विशेषतः जगण्याच्या.

आत गेल्यावर मला परकं वाटलं नाही. काउंटर, फाईली, कॅलेंडर, खिडकीत तुळशीचं रोपटं. समोरच्या बाबूंनी माझी फाईल उलगडली आणि अनुक्रमणिकेवर त्यांची नजर क्षणभर थांबली. आयुष्यात फार थोडे कौतुकाचे क्षण येतात. हा त्यातला एक. मग त्यांनी विचारलं. घटनेची तारीख? प्रकरण न्यायप्रविष्ट आहे का? तक्रार निनावी नाही ना? भाची एकेक उत्तर देत होती. मी खिशातून कोर्ट फीचे स्टॅम्प काढले.

"ते नको," बाबू म्हणाले. "तक्रारीला फी नाही."

"मग शंभराचा स्टॅम्पपेपर?"

"नाही. साध्या कागदावर चालतं. मराठीतही चालतं."

मला जरा धास्तीच वाटली. जो कागद स्टॅम्पाशिवाय चालतो तो कितीसा चालणार, असं माझ्या मनात आलं. इतक्यात त्यांनी आमच्या प्रतीवर आवकचा शिक्का मारला. धप्प! रोज शेकडो शिक्के मारणारा माणूस मी. पण दुसऱ्यानं मारलेल्या शिक्क्याचा आवाज इतका गोड लागेल, असं वाटलं नव्हतं. खाली क्रमांक, तारीख आणि सही.

"कुठले आपण?" बाबूंनी फाईल बांधता बांधता विचारलं.

"अकोल्याचा."

"असं का! आमची सासुरवाडी मूर्तिजापूरची."

मग पाच मिनिटं मूर्तिजापूरची चौकशी झाली, बंद पडलेल्या शकुंतला गाडीबद्दल हळहळ झाली आणि मी दोन संत्री टेबलावर ठेवली. भाचीनं बाहेर आल्यावर विचारलं, "मामा, ही लाच नाही ना?" मी म्हटलं, "शिक्का मारल्यानंतर दिलेलं संत्रं हे पाहुणचारात मोडतं."

दुपारच्या बैठकीत मी मागच्या खुर्चीवर बसलो. मुंबई-पुण्याची मुलं फार हुशार होती. पडद्यावर तक्ते दाखवत, इंग्रजीत बोलत, 'वंचित घटकांची असुरक्षितता' या विषयावर मोठं सुंदर विवेचन करत होती. आमच्या पोरीचा नंबर आला तेव्हा माझ्याच तळहाताला घाम आला. तिच्याकडे तक्ता नव्हता. तिनं आजीचा फोटो लावला, उलट्या पेपरासकट. हॉल हसला. मग तिनं आजीचं तेरवीचं वाक्य जसंच्या तसं वऱ्हाडीत सांगितलं. हॉल पुन्हा हसला. मग तिनं तीन शेरे एकाखाली एक वाचले. 'अंगठा जुळत नाही.' 'आढळ नाही.' 'मयत.' या वेळी कुणी हसलं नाही. एक पुण्याचा मुलगा तर आपला स्वतःचा अंगठा बघत बसला होता.

रात्रीच्या गाडीनं परतलो. पुढचं सगळं टपालानं झालं. आयोगाला शिफारस करण्याचा अधिकार आहे, हुकूम सोडण्याचा नाही; पण अहवाल मागवण्याचा आहे, आणि आपल्याकडे हुकमापेक्षा 'अहवाल सादर करावा' या तीन शब्दांचा धाक जास्त. मुंबईचं पत्र जिल्ह्याला आलं, जिल्ह्याचं तालुक्याला गेलं, आणि शेवटी जिथून आजी वारली होती त्याच तीन टेबलांवर येऊन पोचलं. तिथल्या माणसानं यादी काढली आणि आजीला समोर बोलावलं. पाहिलं, नाव विचारलं आणि शेरा लिहिला, 'समक्ष हयात'. याला सगळी मिळून दहा मिनिटं लागली, असं भाची सांगते. खेड्यापासून त्या टेबलापर्यंत अंतर चौदा किलोमीटर. पण मधे मुंबई लागली. राजधानी किती लांब आहे हे आम्ही उगीचच किलोमीटरमध्ये मोजत होतो. ती टेबलांमध्ये मोजायची असते. पहिल्याच टेबलानं मान वर करून पाहिलं असतं, तर राजधानी अचलपूरपेक्षाही जवळ होती.

तेव्हापासून माझ्या काउंटरवर कुणाचा अंगठा यंत्रानं नाकारला, की मला तो दुपारचा हॉल आठवतो. मी रजिस्टर काढतो, शाईचं पॅड उघडतो आणि साक्षीदार शोधतो. मागे रांग कुरकुरते. कुरकुरू द्यावी. चोविसाव्या कलमाची पगारी सुट्टी आम्हाला आहेच. कामाच्या दिवशी एवढं करायला हरकत नाही.

फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस अकरा महिन्यांचे १६,५०० रुपये आजीच्या खात्यात एकदम जमा झाले. भाचीला त्याच सुमारास इंटर्नशिपचं प्रमाणपत्र मिळालं होतं. भाऊजींनी ते काचेत लावून बैठकीत टांगलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला 'बिनपगारी' हा शब्द गाळून सांगू लागले. भाची आजीला पेढे घेऊन भेटायला गेली. मीही गेलो, बॅग धरायला कुणीतरी हवं होतं.

आजीनं पासबुक उलटसुलट करून पाहिलं, पदरानं पुसलं आणि ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवलं. मग भाचीचा हात धरून विचारलं, "मंग आता मी जिती हाय ना वं?"

"हो आजी," भाची म्हणाली. "मार्चअखेरपर्यंत. मग परत अंगठा लावायचा आहे."

आजीनं थोडा विचार केला.

"मंग मार्च लागला की लगेच ये बाप्पा," ती म्हणाली. "आन् या मामाले बी आन. थो कागद चांगले लावते."